'समजलं का?' हा प्रश्न खिडकीतून हद्दपार कर

प्रिय काकू,

मी इंदूरला रामबागेजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात अकरा वर्षं फार्मासिस्ट आहे. सकाळच्या चार तासांत दीडशे-पावणेदोनशे पेशंट आणि औषधाच्या खिडकीवर मी एकटी. यंदा डी.फार्म.ची (फार्मसीच्या डिप्लोमाची) दोन मुलं ट्रेनिंगला आली आणि त्यांचं बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुलगा हुशार. कुठलंही औषध विचारा, घडाघडा सांगतो, पण खिडकीशी उभा केला की मान खाली. परवा सांवेरकडचे एक बाबा आले, त्यांच्याशी मात्र मालवीत बोलत बसला. रांग खोळंबली, मी ओरडले. मुलगी अगदी उलट. गोड बोलते, आज्या तिलाच शोधत येतात. तिच्या हातून दोनदा चूक झाली. एकदा मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी एक मिलिग्रॅमच्या जागी दोनची, एकदा पॅरासिटामॉलचं 125 च्या जागी 250 चं सिरप. दोन्ही वेळा माझं लक्ष गेलं म्हणून निभावलं. आता दोघांचे ट्रेनिंगच्या तासांचे कागद सहीला आलेत. मुलीचे घरच्या लग्नामुळे पन्नासेक तास कमी भरतात. ट्रस्टी म्हणतात, 'करून टाका सही, पोरांचं वर्ष कशाला अडवता?' मला वाटतं मुलगी पास, मुलगा नापास. पण हे मोजायचं कसं? शिकवायचं कसं हे मला कुणी शिकवलंच नाही.

— एक वाचक, इंदूर

*

अगं, तू पत्र 'काकू' म्हणून सुरू केलंस, तेव्हा मी तुम्ही-आपण करत बसत नाही.

आधी सहीचं उरकू, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही. नियमात 500 तास आणि कमीत कमी तीन महिने आहेत. त्या कागदावरची सही म्हणजे 'इतके तास ही इथे काम करत होती' एवढीच साक्ष. पन्नास कमी तर कमी. तिला पंधरा दिवस संध्याकाळच्या ओपीडीला बसव, तास भरून निघतील. ट्रस्टींना सांग, वर्ष अडत नाही, पंधरवडा अडतो. आणि ते तास कशात गेले हेही बघ. 1991 च्या जुन्या नियमांतसुद्धा लिहिलं होतं की त्यातले किमान 250 तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात जायला हवेत. खोकी उतरवण्यात आणि चहा आणण्यात गेलेली मुलं मी खंडीभर पाहिलीत, त्यांच्या कागदावरही 500 च लिहिलेले असायचे.

आता तुझा निकाल. पत्र दोनदा वाचलं आणि मला नेमकं उलटं वाटलं. नापास कुणालाच करू नकोस, पण माझी झोप उडेल ती मुलीमुळे, मुलामुळे नाही.

सांवेरच्या बाबांचं वाक्य तू घाईत लिहून पुढे गेलीस. रांग खोळंबली, तू ओरडलीस, इथपर्यंत कळलं. पण दोघं बोलत काय होते, ते ऐकलंस का? अकरा वर्षांच्या नोकरीत तुझ्या खिडकीशी किती पेशंट इतका वेळ बोलते झाले? तो मुलगा लाजाळू नाही गं. औषधं तो इंग्रजीत शिकला, तुझ्या खिडकीवर शहरी हिंदी आणि आपलं मराठी चालतं, आणि त्याच्या तोंडची भाषा मालवी. चार भाषांची चढउतार करताना माणूस खाली बघणारच. बाबा आले आणि त्याला एकदम आपल्या घरच्या ओसरीवर बसल्यासारखं झालं असेल.

माझीच एक फजिती सांगते, म्हणजे मी एवढं का ताणतेय ते कळेल. नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष, जुलै महिना, घरोघरी जुलाब. एक बाई सव्वा वर्षाचं पोर कडेवर घेऊन आली. मी ओआरएसची पुडी दिली आणि म्हटलं, 'एक लीटर उबालकर ठंडा किया पानी, पूरा पैकेट एक साथ, चौबीस घंटे में खत्म, बचे तो फेंक देना. समझ गईं ना?' ती म्हणाली, 'हाँ दीदी.' अक्षर न अक्षर बरोबर होतं माझं, तोंडी परीक्षेत दहापैकी दहा मिळाले असते. तिसऱ्या दिवशी ती परत आली, पोर पार मलूल. पदराच्या गाठीतून तिने पुडी काढली, नीट घडी घातलेली, अर्धी शिल्लक. वाटीभर पाण्यात चिमूट-चिमूट घालून पाजत होती, पुरवून पुरवून. लिटर म्हणजे किती ते मोजायला घरात काही नव्हतं, आणि सरकारी दवाखान्यातून मिळालेलं एवढं औषध एकदम पाण्यात ओतायचं तिच्या जिवावर आलं होतं. पोराला सलाइन लागलं, वाचलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या खिडकीत एक लिटरची रिकामी बाटली ठेवलेली असायची. (हल्ली 200 मिलीची छोटी पुडीही मिळते, म्हणजे घोळ दुप्पट. मोठी पुडी पेल्यात कालवली तर मिठाचा मारा होतो, तो पोराला आणखी वाईट.)

त्या दिवशी मी 'समझ गईं ना?' हा प्रश्न सोडला. त्याला आपल्याकडे एकच उत्तर असतं. खिडकीपलीकडच्या पांढऱ्या कोटाला 'नाही' कोण म्हणणार? त्याऐवजी मी विचारू लागले, 'घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं की कसं द्यायचं, तर काय सांगाल?' मग काय काय बाहेर यायचं म्हणून सांगू! 'दिन में दो बार' म्हटलेली गोळी एक रात्रपाळीचा चौकीदार ऊन असेपर्यंत दोनदा घ्यायचा, कारण दिवसात म्हणजे दिवसाच. 'जेवणानंतर तीनदा' म्हटलं की दोनदा जेवणारा मजूर दोनदाच घेणार, त्याचं काय चुकलं? आपल्या एका आजींना थायरॉइडची गोळी 'उपाशीपोटी' सांगितली होती. त्या ती फक्त चतुर्थीला आणि एकादशीला घेत होत्या.

तेव्हा मोजायचं कसं, तर असं मोज. एका कागदाचे मधोमध दोन भाग कर. डावीकडे मुलाने किंवा मुलीने पेशंटला काय सांगितलं, उजवीकडे पेशंटने परत काय सांगितलं. गुण उजवीकडच्या भागाला. दोघांचे दहा-दहा पेशंट घे, वेगवेगळ्या दिवशी. डावीकडे काय असायला हवं ते 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये दिलंय: औषधाचं नाव आणि ते कशासाठी, डोस किती, कसा, किती दिवस, ठेवायचं कुठे, त्रास काय होऊ शकतो, एखादा डोस राहिला तर काय करायचं. ते पाठ आहे का हे विचारू नकोस. मुलाला पाठ असणारच. तुला बघायचंय ते उजवीकडे काय उतरतं ते.

जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1990 मध्ये डॉक्टरांच्या परीक्षेसाठी चार पायऱ्या मांडल्या होत्या. ठाऊक आहे, कसं करायचं ते ठाऊक आहे, करून दाखवतो, आणि कुणी बघत नसतानाही रोज तसंच करतो. आपल्या परीक्षा बहुतेक पहिल्या दोन पायऱ्यांवरच संपतात. 2022 च्या नियमांनी आलेली नोंदणीआधीची एक्झिट परीक्षासुद्धा पर्यायांवर खूण करायचीच आहे. तुझा मुलगा खालच्या पायऱ्यांवर पहिला आहे, त्याला हात धरून वर न्यायचंय. मुलगी मधल्या दोन गाळून थेट गच्चीवर जाऊन बसलीये, आणि खालून सगळे टाळ्या वाजवतायत.

तिसऱ्या पायरीसाठी एक रविवार काढ. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी काढलेली ही तऱ्हा आहे, जगभर चालते, आणि तिला खर्च शून्य. चार टेबलं, प्रत्येकावर एक प्रसंग, सात मिनिटांनी घंटा, की पुढच्या टेबलावर. पेशंट व्हायला तुझ्या सासूबाई, दवाखान्यातल्या मावशी, वॉचमन. नट नकोत, या मंडळींना काय येत नाही याचा अभिनय करावा लागत नाही. पोहे-जिलबी ट्रस्टींकडून.

एका टेबलावर बारा किलोच्या मुलाची चिठ्ठी आणि पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या ठेव. किलोला 15 मिलिग्रॅमने 180 झाले. 5 मिलीत 125 असलेल्या सिरपचे 7.2 मिली, 5 मिलीत 250 असलेल्याचे 3.6, आणि 1 मिलीत 100 असलेल्या ड्रॉप्सचे 1.8. घरातला चमचा चालणार नाही हे न विचारता सांगतात का ते बघ. दुसऱ्या टेबलावर दम्याचा पंप. भरलेला नको, एमआरकडे (औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडे) दाखवायचे रिकामे असतात ते मागून घे. हलवणं, श्वास पूर्ण सोडणं, दाबताना सावकाश ओढणं, दहा आकडे मोजेपर्यंत धरणं, स्टेरॉइडचा असेल तर चूळ. तोंडाने वर्णन करणाऱ्याला थांबव, म्हणावं, करून दाखव.

तिसरं टेबल इन्सुलिनचं, आणि इथे तू स्वतः उभी राहा. आपल्याकडे कुपी 40 ची, म्हणजे एका मिलीत 40 युनिट, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं कार्ट्रिज 100 चं, आणि नारिंगी टोपणाची सिरिंज 100 च्या इन्सुलिनसाठी. दुकानात लाल नव्हती म्हणून पेशंट नारिंगी घेऊन गेला आणि 40 च्या कुपीतून वीसच्या रेघेपर्यंत ओढलं, तर त्याला मिळाले आठ युनिट. साखर चढत राहणार, डॉक्टर डोस वाढवत राहणार, चूक कुणालाच सापडणार नाही. उलटं झालं, म्हणजे पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने वीसची रेघ गाठली, तर पन्नास युनिट अंगात. माणूस सकाळी उठायचा नाही. दोन्ही सिरिंजा आणि थोडं पाणी टेबलावर ठेव, आणि मुलांना म्हणावं, वीस युनिट भरून दे. काही बोलू नकोस. 'कुपी कितीची?' हा प्रश्न कोण विचारतं तेवढं बघ.

चौथ्यावर वॉचमनला बसव. त्याने फक्त म्हणायचं, 'गैस की गोली दे दो.' कुणी खोदून विचारलं तरच सांगायचं की जिना चढताना छाती आवळते आणि डावा हात भरून येतो. पुढच्याला त्याने खोकल्याचं सिरप मागायचं; विचारलं तरच, तीन आठवडे झाले, वजनही उतरलंय. प्राथमिक आरोग्यातलं फार्मासिस्टचं अर्धं काम इथे आहे, औषध न देता माणसाला योग्य दारात पाठवणं. पहिल्याला एमवायला, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयात, तातडीने, दुसऱ्याला थुंकी तपासायला, कारण दोन आठवड्यांवरचा खोकला म्हणजे आधी टीबीचा संशय. गॅसची गोळी हसत हसत हातात ठेवणारं मूल कितीही गोड असलं तरी त्या टेबलावर शून्य.

आणि हे शून्य बाकीच्या गुणांत बुडवू नकोस. आपली वाईट खोड ही की सगळी बेरीज करायची आणि 80 टक्के आले की पेढे. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असतं. नमस्कार, हास्य, साठवण, एक्स्पायरी, सगळं नीट सांगून शेवटी 'रोज एक' म्हणाला तर वीसपैकी एकोणीस बरोबर आणि पेशंट गेला. म्हणून चार-पाच चुका आधीच भिंतीवर लिहून ठेव: चुकीचं औषध, दहापट किंवा दुप्पट डोस, सांगितलेली ॲलर्जी न पाहणं, धोक्याची खूण सोडणं. यातली एक जरी झाली तरी त्या प्रसंगाला पुन्हा बसायचं, बाकी गुण कितीही असोत.

आता मुलीकडे येते. ग्लिमेपिराइड एकच्या जागी दोन, 125 च्या जागी 250. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत हे तुझ्या लक्षात आलं का? औषध बरोबर, ताकद दुप्पट. ती नाव वाचते, आकडा वाचत नाही, कारण डोळे पेशंटच्या चेहऱ्यावर असतात. तिला रागावून उपयोग नाही. आधी कपाट बघ. एकची आणि दोनची स्ट्रिप एकाच कंपनीची, एकाच रंगाची, शेजारी शेजारी ठेवली असेल तर त्यातला निम्मा दोष कपाटाचा, म्हणजे तुझा. मधे दुसरंच काहीतरी ठेव. मग तिला तीन वाचनांची सवय लाव. कपाटातून काढताना, पाकिटात घालताना, हातात देताना, प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने. आठवडाभर वेड्यासारखं वाटेल, वाटू दे. एक वहीही कर, 'थोडक्यात वाचलं' अशी, नावं न घालता. पहिली नोंद तुझी स्वतःची असू दे. अकरा वर्षांत एकही नाही असं मला सांगू नकोस.

तिची परीक्षा म्हणजे लागोपाठ वीस चिठ्ठ्या. तू मधे बोलायचं नाहीस, फक्त पेशंटच्या हातात जाण्याआधी एकदा पाहायचंस. तिने स्वतः किती चुका पकडल्या आणि तुझ्यासाठी किती उरल्या, हे दोन आकडे लिहून ठेव. तू लिहितेस, माझं लक्ष गेलं म्हणून निभावलं. उद्या ती एखाद्या मेडिकलवर एकटी उभी असेल, तिथे तू नसशील. आज्या तर तिच्यावर इतका विश्वास टाकतील की पाकीट उघडून बघणारही नाहीत.

तिचा गोडवा मात्र वाया घालवू नकोस, तो शिकवून येत नाही. 2025 मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकोल या विषारी रसायनाने मुलं गेली, त्यानंतर आया बाटली उलटसुलट करून विचारतात, 'ये ठीक है ना?' 'अच्छी कंपनी का है' हे उत्तर नव्हे. सर्दी-खोकला बहुतेक वेळा सिरपशिवाय बरा होतो, आणि सर्दीच्या औषधांतलं क्लोरफेनिरामाइन-फिनायलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही असं 2023 पासून लेबलवरच लिहायला सांगितलंय. हे एखाद्या घाबरलेल्या आईला पटवायला अशीच मुलगी हवी. तसंच औषधाने झालेल्या त्रासाची नोंद. बीपीच्या रामिप्रिलने लागलेला कोरडा खोकला, बीपीच्याच ॲम्लोडिपिनने सुजलेले घोटे, हे पेशंट डॉक्टरांना सांगत नाहीत, खिडकीशी सांगतात. दोघांनी एकेक खरी केस शोधून औषध-दक्षतेचा फॉर्म भरावा. हेल्पलाइन 1800-180-3024 आहे, फोन कर म्हणावं, शिकताना लाज कसली.

तू मनात म्हणत असशील, काकूंना रांग दिसत नाही. दिसते गं. चार तासांत पावणेदोनशे म्हणजे माणशी दीड मिनिटही नाही. म्हणून सगळ्यांशी सारखं बोलायचंच नाही. पाच वर्षं तीच बीपीची गोळी नेणाऱ्या काकांना 'चक्कर-बिक्कर नाही ना?' एवढं पुरे. वेळ द्यायचा तो नवीन औषध सुरू झालेल्याला, पंप आणि इन्सुलिनवाल्याला, तान्ह्या पोराच्या आईला, गरोदर बाईला, आणि ज्याच्या पिशवीत तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आहेत त्याला. खिडकीच्या बाजूला दोन खुर्च्या मांड. ज्याला वेळ लागणार त्याला तिकडे पाठव, रांग चालू राहू दे. त्या खुर्चीवर मुलाला बसव. उभं राहून वीस जणांच्या नजरेत त्याला बोलता येत नसेल, बसून एकाशी येईल. मालवीत बोलू दे, आपली मराठी मंडळी आली तर मुलगी आहेच.

एक राहिलं. दोघांना तपासण्याआधी तोच दोन भागांचा कागद त्यांच्या हातात दे आणि तासभर तुझी खिडकी तपासू दे. तुझ्या पेशंटने परत काय सांगितलं ते त्यांनी लिहायचं. वाचताना तोंड कडू होईल, माझं झालं होतं. पण 'मला कुणी शिकवलंच नाही शिकवायचं' यावर याच्याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

सांवेरचे बाबा महिन्याची औषधं संपली की येतीलच. त्या दिवशी रांग पाच मिनिटं खोळंबू दे. मुलाला त्यांच्यासमोर बसव, तू पाठमोरी उभी राहून कपाट लावायचं सोंग कर, आणि बाबा कोणती गोळी कशासाठी, कधी घेतात असं सांगतात ते ऐक. काय ऐकलंस ते मला कळव.

— काकू